स्पोर्टी गाडीच्या हँडलिंगवर पहिला खर्च कुठे करावा? ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांसाठी मार्गदर्शक

आय२० एन लाइन, व्हर्टस जीटी, अल्ट्रोझ रेसर, स्विफ्ट किंवा जुन्या बाजारातून घेतलेली पोलो जीटी यांपैकी एखादी गाडी घरी आली की काही महिन्यांतच मालकाला वळणांवर आणखी पक्की पकड हवीशी वाटू लागते. मग चौकशी सुरू होते आणि पहिला सल्ला बहुधा 'गाडी खाली बसवा' किंवा 'मोठे अलॉय टाका' असाच मिळतो. माझ्या मते हे दोन्ही खर्च यादीत अगदी शेवटी यायला हवेत. पहिला पैसा गाडी आणि रस्ता जिथे एकमेकांना टेकतात तिथे, म्हणजे टायरवर घालावा आणि तिथून एकेक पायरी वर सरकावे. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण टायर, स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारी दांडी) एकाच शनिवारी बसवून घेतले तर फरक कशामुळे पडला आणि बिघाड कशामुळे झाला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पुढचा क्रम रोज घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड किंवा पाम बीच मार्गाने कामावर जाणाऱ्या आणि महिन्यातून एखाद्या वेळी घाटात जाणाऱ्या मालकासाठी आहे. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात.

१. तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढा

'गाडी मजा देत नाही' ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर समोरचा त्याच्याकडे शिल्लक असलेला भाग विकेल. त्याऐवजी आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने गाडी चालवताना बारीक लक्ष द्या आणि काय जाणवते ते वहीत टिपून ठेवा. पाम बीचवरच्या लांब वळणावर स्टिअरिंग आणखी वळवूनही नाक बाहेरच्या बाजूला सरकते का? वाशीच्या खाडीपुलाच्या सांध्यांवरून गेल्यावर गाडी एकदा दबून स्थिर होते, की दोन-तीनदा हेलकावे घेते? ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढते का? सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरके धरावे लागते का?

प्रत्येक उत्तराचा रोख वेगळ्या भागाकडे असतो. नाक बाहेर सरकणे म्हणजे अंडरस्टिअर. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांचा हा स्वभावच असतो, कारण इंजिनाचे वजन पुढे असते आणि वळण्याचे व ओढण्याचे काम त्याच दोन टायरांना करावे लागते. हेलकावे आले तर संशय शॉक अॅब्सॉर्बरवर घ्यावा. बाजूला ओढणे हे टायरची हवा, अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा अडकलेला ब्रेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) यांचे लक्षण असते. तक्रार अशी मांडता आली की निम्म्या वेळा असे दिसते की गाडीला नव्या भागाची गरजच नसून केवळ दुरुस्ती हवी आहे.

२. दुरुस्ती आधी

आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर हे अपरिहार्य आहे. गायमुखचा घाट, मुंब्रा बायपास किंवा एमआयडीसीतले अंतर्गत रस्ते यांवर एक पावसाळा काढलेल्या गाडीचे लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश म्हणजे सांध्यातले रबर, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक) आणि लिंक रॉड तपासल्याशिवाय एक रुपयाही इतरत्र खर्च करू नये. बुशचे रबर फाटले असेल तर चाक ब्रेक लावताना आणि वळताना स्वतःची दिशा बदलते. अशा गाडीवर महागडे स्प्रिंग बसवणे म्हणजे मोडक्या चौकटीला नवे दार लावण्यासारखे आहे.

गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहून पाहा. मेकॅनिकने पहार लावून लोअर आर्म हलवला की रबरातली भेग उघडते आणि हात काढताच मिटते. वरून टॉर्च मारून ती कधीच दिसणार नाही. चाक वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा खुळखुळा कळतो, डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचा. शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओला थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो गळतो आहे असे समजावे.

रबराचे बुश बदलून घेताना एक सूचना आवर्जून द्या. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे वजन पडलेल्या स्थितीतच शेवटचे आवळायला हवेत. चाके हवेत लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी हमखास वगळली जाते.

३. टायर : सर्वात मोठा फरक इथेच पडतो

गाडीचे वळणे, थांबणे आणि वेग घेणे हे सारे तळहाताएवढ्या चार रबरी ठिपक्यांवर अवलंबून असते. अनेक कंपन्या कारखान्यातून गाडी देताना मायलेज आणि टिकाऊपणा यांना प्राधान्य देऊन टायर निवडतात. त्यामुळे त्याच मापात, अधिक चांगल्या पकडीचा टायर घेणे हा पहिला आणि सर्वाधिक मोबदला देणारा खर्च ठरतो.

टायरच्या भिंतीवर लिहिलेले आधी वाचायला शिका. १९५/५५ आर १६ ८७व्ही असे लिहिले असेल तर रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के म्हणजे सुमारे १०७ मिमी आणि रिम १६ इंची असते. ८७ हा भारांक एका टायरला ५४५ किलोची मर्यादा सांगतो आणि 'व्ही' म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची क्षमता. ताशी २१० किमीसाठी 'एच' असते. नवा टायर घेताना भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे कधीही घेऊ नका. आयएसआयची खूणही पाहा. त्यानंतर लंबगोलात छापलेले चार आकडे शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानदार टायर रिमवर चढवण्याआधी चारही टायरांचे हे आकडे स्वतः वाचा. बऱ्याचदा ती बाजू आतल्या अंगाला बसवली जाते आणि नंतर पाहायची म्हणजे गाडीखाली वाकावे लागते. फार जुना साठा सवलतीत मिळाला तरी घेऊ नये, कारण रबर कालांतराने कडक होते.

एक माप रुंद टायर घ्यायचा मोह होतो. मोजणी करून पाहा. १९५/५५ आर १६ चा एकूण व्यास ६२१ मिमीच्या आसपास येतो आणि २०५/५० आर १६ चा ६११ मिमीच्या आसपास. फरक दीड टक्क्याचा असल्याने तो बहुतेक गाड्यांना चालून जातो. स्पीडोमीटर मात्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त वेग दाखवू लागेल. २०५/४५ आर १७ घेतला तर व्यास जवळपास तोच राहतो, पण भिंत १०७ वरून ९२ मिमीवर येते. ही १५ मिमी रबराची उशी गमावणे आपल्या भागात महागात पडते. माजिवडा किंवा कापूरबावडीच्या पुलाखाली पाण्याने भरलेला खड्डा चुकला नाही, तर आधी टायरच्या भिंतीला फुगा येतो आणि मग रिम वाकते. शिवाय १७ इंची रिम जड असेल तर तिचे वजन स्प्रिंगच्या खालचे वजन असल्याने चाक रस्त्याचा उंचसखलपणा सोडून उड्या मारते आणि पकड उलट कमी होते. म्हणून मूळ मापाची रिम ठेवून पैसा रबरावर घालावा, असे माझे ठाम मत आहे.

तरीही रिम बदलायचीच असेल तर पीसीडी (बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिमच्या मध्यापासून तिच्या बसण्याच्या पृष्ठभागाचे अंतर) आणि मधल्या छिद्राचा व्यास हे तीन आकडे जुळलेच पाहिजेत. ऑफसेट कमी झाला की चाक बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग हातात ओढू लागते.

आपल्याकडे टायर निवडताना पहिला निकष ओल्या रस्त्यावरची पकड हाच असावा. वर्षातले चार महिने पाऊस, उड्डाणपुलांवरचे गुळगुळीत मास्टिक डांबर आणि पहिल्या सरींनंतर रस्त्यावर पसरणारा तेलाचा थर या तिन्हींशी आपली गाठ रोज पडते. खोबणीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी असली तरी ३ मिमी उरली की जूनच्या आधीच टायर बदलावेत. चारांऐवजी दोनच घेणे परवडत असेल तर नवे टायर मागच्या चाकांना लावा, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी चालेल. पावसात मागची बाजू सुटली तर ती सावरणे नवख्याच्या हाताबाहेरचे असते.

हवेचा दाब सकाळी गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. पेट्रोल पंपावरच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा स्वतःचा डिजिटल गेज घ्या. पुढे-मागे एक-दोन पीएसआयचा बदल करून पाहणे हा हँडलिंगचा सर्वात स्वस्त प्रयोग आहे.

४. अलाइनमेंट : छापील कागद घेतल्याशिवाय निघू नका

नवे टायर बसले की लगेच अलाइनमेंट करून घ्यावे. तुर्भे एमआयडीसी आणि वागळे इस्टेट या दोन्ही भागांत कॅमेऱ्याची यंत्रे असलेली दुकाने भरपूर आहेत, पण यंत्र चांगले असले म्हणजे काम चांगले होईलच असे नाही.

तुर्भ्याच्या एका दुकानात मी स्क्रीनसमोर उभा होतो. उजव्या पुढच्या चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळले आहे त्याचे माप, लाल पट्ट्यात होता. मुलाने टाय रॉडचा नट सैल करून पाना थोडा फिरवला, आकडा पट्ट्याच्या काठावर येऊन जेमतेम हिरवा झाला आणि तो म्हणाला, "साहेब, सगळं ग्रीन आलं, झालं काम." डावा टो मात्र हिरव्या पट्ट्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता. दोन्ही बाजू हिरव्या, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या. मी दोन्ही आकडे सारखे करून द्यायला सांगितले. त्याने आणखी दहा मिनिटे दिली आणि सरळ रस्त्यावर तिरके राहणारे स्टिअरिंग मधोमध आले.

दुकानात जाताना हे सांगा: टाकी साधारण अर्धी आहे, चारही टायरांत नेमकी हवा आहे, डिकीत सामान नाही. काम सुरू होण्याआधीची आणि नंतरची, अशा दोन्ही छापील प्रती मागा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा दांडा) असतो. त्यामुळे पुढचा टो बदलता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा झुकाव) कारखान्यातून ठरलेला असतो आणि मागचे आकडे फक्त मोजता येतात. मागचा आकडा लाल आला आणि दुकानदार 'मागचं करून देतो' म्हणाला, तर काय करणार हे नेमके विचारा. बीम किंवा स्टब अॅक्सल वाकल्याचे ते लक्षण असू शकते.

पुढच्या चाकांचा कॅम्बर थोडा ऋण केल्याने, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत झुकवल्याने, वळणावर बाहेरच्या टायरचा पूर्ण पृष्ठभाग रस्त्याला टेकतो आणि अंडरस्टिअर कमी होतो. काही गाड्यांना त्यासाठी कॅम्बर बोल्ट मिळतात. अर्धा-पाऊण अंशाचा बदल रोजच्या वापराला पुरतो. त्याहून जास्त झुकवले तर टायरची आतली कड लवकर झिजते.

५. ब्रेक : आधी ऑइल, मग पॅड

मोठ्या डिस्कची गरज रस्त्यावरच्या गाडीला क्वचितच असते. ब्रेक ऑइल मात्र हवेतला ओलावा शोषते आणि आपण खाडीकाठी राहतो. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल मऊ पडते. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला आणि घाटात खालचा गिअर वापरा. डॉट ४ च्या जागी डॉट ५.१ चालते, पण डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात कधीही मिसळू नका.

पॅड घेताना 'रेसिंग' हा शब्द दिसला तर सावध व्हा. असे पॅड तापल्यावरच पकडतात. तीन हात नाक्याच्या सिग्नलवर ते थंडच असतात.

६. मागचा अँटी-रोल बार

पहिले पाच टप्पे झाल्यानंतरही नाक बाहेर सरकण्याची तक्रार उरली तर इकडे वळा. वळणावर गाडीचा कल रोखण्याचे काम जो अॅक्सल जास्त करतो, त्याच्या बाहेरच्या टायरवर भार जास्त जातो आणि त्या अॅक्सलची पकड तुलनेने कमी होते. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार जाड केला की नाक अधिक तत्परतेने वळते. पुढचा जाड केला तर अंडरस्टिअर वाढतो.

भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, हे लक्षात ठेवून खरेदी करा. २० मिमीऐवजी २२ मिमीचा बार दिसायला किरकोळ फरकाचा वाटतो, पण तो सुमारे ४६ टक्के अधिक कडक असतो. फार जाड बार बसवलेली गाडी पावसात, वळणाच्या मध्ये अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर मागून घसरते. म्हणून उपलब्ध असलेल्यांतला सौम्य पर्याय घ्या आणि गाडीत ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर ती बंद करू नका.

पुढच्या स्ट्रट टॉवरवर लावायच्या ब्रेसविषयी (दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या दांडीविषयी) बरेच बोलले जाते. आजच्या गाड्यांच्या कडक सांगाड्यात तिचा फरक जेमतेम जाणवतो. ते पैसे टायरसाठी राखून ठेवावेत.

७. शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग

या दोन्हींत आधी शॉक अॅब्सॉर्बर घ्या. मूळ उंचीच्या स्प्रिंगबरोबर चांगले शॉक अॅब्सॉर्बर बसवले तर हेलकावे थांबतात, स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळते आणि गाडीची उंचीही टिकते. खरेदी करताना नेमका प्रकार पाहावा लागतो. उदाहरणार्थ, बिल्स्टाइनचे बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आहेत, तर बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी. वरचे स्ट्रट माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप (प्रवास संपल्यावर धक्का झेलणारे रबर) त्याच वेळी बदला, म्हणजे मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

फक्त कमी उंचीचे स्प्रिंग टाकून गाडी ३० ते ३५ मिमी खाली घेण्याचे काम स्वस्त असते आणि म्हणूनच सर्वात जास्त केले जाते. त्यात तीन अडचणी आहेत. चाकाला वर जाण्यासाठी असलेला प्रवास तेवढाच कमी होतो, खड्ड्यात शॉक अॅब्सॉर्बर बंप स्टॉपवर आदळतो आणि ऐन वळणात तसे झाले तर पकड एकदम सुटते. दुसरे असे की मॅकफर्सनच्या रचनेत लोअर आर्म चाकाकडे वर झुकला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जाते, त्यामुळे खाली बसलेली गाडी पुरेशा कडक स्प्रिंगअभावी उलट जास्त कलू शकते. तिसरी अडचण आपल्या वसाहतींची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे बराच पसरट असतो. सोसायट्यांच्या दारांतले गतिरोधक अरुंद आणि उभे असतात. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या टॉवरमध्ये पोडियम पार्किंग असेल तर रॅम्पच्या माथ्यावर गाडीचा मधला भाग घासतो. गाडीत चार माणसे बसवून आपल्याच रॅम्पवर एकदा चढून पाहा आणि तळाशी किती जागा उरते ते कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. निर्णय त्यावरच होईल.

८. कायदा, विमा, वॉरंटी

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मूळ मापाचे टायर, पॅड, ऑइल, बुश आणि अलाइनमेंट हा देखभालीचा भाग आहे. उंची, रिमचा आकार किंवा टायरचे माप बदलायचे असेल तर आपल्या आरटीओकडे आधी लेखी विचारणा करा : ठाण्यासाठी एमएच ०४, नवी मुंबईसाठी एमएच ४३, पनवेलसाठी एमएच ४६. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. 'कोणी बघत नाही' हे दुकानदाराचे आश्वासन अपघातानंतरच्या सर्व्हेअरसमोर उपयोगी पडत नाही. वॉरंटीतल्या गाडीसाठी सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर उत्तर घ्या, तोंडी उत्तर पुरेसे नाही.

९. जवळ ठेवायचे कागद आणि साधने

- आरसी, विमा पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका आणि मालकासाठीची माहितीपुस्तिका.
- टायरचे बिल, त्यावर चारही टायरांचे अनुक्रमांक.
- अलाइनमेंटच्या आधीच्या आणि नंतरच्या छापील प्रती.
- काढलेले मूळ भाग. गाडी विकताना किंवा पूर्ववत करताना ते लागतात.
- डिजिटल हवा गेज, खोबणीची खोली मोजायचा गेज आणि टॉर्क रेंच. चाकाचे नट किंवा बोल्ट न्यूमॅटिक गनने आवळू देऊ नका. माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यालाच ते आवळावेत आणि सुमारे १०० किमी धावल्यावर पुन्हा तपासावेत.
- एक वही. बदलाची तारीख, किलोमीटर, हवेचा दाब आणि जाणवलेला फरक तिच्यात लिहा.

प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच वेग आणि तोच दाब ठेवून गाडी पुन्हा चालवा. परीक्षा वेगमर्यादेच्या आतच घ्या. अटल सेतूवर ती ताशी १०० किमी आहे आणि त्या वेगाला स्टिअरिंगची स्थिरता पुरेशी कळते. वळणांसाठी नेहमीच्या रस्त्यावरचे एक ओळखीचे वळण पकडा आणि सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना जा. सस्पेन्शनचा कोणताही भाग बदलला असेल तर नवे स्प्रिंग आणि बुश आपल्या जागी बसेपर्यंत, साधारण ५०० किमी, पुढचा भाग घेऊ नका. त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा मोजून घ्या आणि मगच वहीतली पुढची तक्रार हाती घ्या.